विंडोज एसएसडीवर हलवली, त्याला आठ महिने झाले

मार्चमध्ये लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून सॅमसंगची ८७० ईव्हीओ, ५०० जीबी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवली. दिवाळी अंकांचा अख्खा हंगाम तिच्यावर काढला, म्हणून आता खात्रीने लिहिते.

माझं काम मराठी डीटीपीचं. लॅपटॉप २०१८चा, ८ जीबी रॅम, आत ५४०० आरपीएमची १ टीबी डिस्क. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा. तो उकळून, गाळून झाला तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. विंडोज कोरी टाक, असं सगळ्यांनी सुचवलं. पण श्री-लिपी आणि युनिकोड मिळून पाचशेच्या वर फाँट, हाताला बसलेला कीबोर्ड, जुन्या फाइली उघडणारी सॉफ्टवेअर, हे सगळं परत उभं करायला आठवडा गेला असता. म्हणून क्लोनिंग केलं, म्हणजे जुन्या डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी नवीवर उतरवली. आजही तेच करीन.

आधी डी ड्राइव्हवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. एसएसडी यूएसबी केबलने जोडली आणि पहिल्या खेपेला फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला. मागचं झाकण उघडताना दोन स्क्रू रबरी पायांखाली सापडले. कडेच्या खाचा जुन्या एटीएम कार्डाने सोडवल्या. डिस्क बदलली, बटण दाबलं, तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश! सीच्या आधी ईएफआय नावाचं छोटंसं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, असतं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे एरवी ते दिसत नाही, पण विंडोज सुरू करणारी फाइल त्यातच असते. परत सगळं उघडलं, सगळी सिस्टिम पार्टिशन्स घेतली, दीड तासात काम झालं. नंतर सी मोठा करायचा पर्याय करडाच, म्हणजे बंद दिसत होता, कारण त्याला लागूनच विंडोजच्या दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी पार्टिशन होतं. ते पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने शेवटाला सरकवलं. तुमच्याकडे बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी तो थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

आता विंडोज वीस सेकंदांच्या आत समोर येते. फाँटची यादी उघडताना पूर्वी माउस अडकायचा, तो अडकत नाही. दोनशे पानी अंकाची पीडीएफ मात्र जवळपास पूर्वीइतक्याच वेळात निघते, कारण ते काम प्रोसेसरचं आहे. बॅटरीत फरक जाणवला नाही. डिस्कची तब्येत तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो प्रकृती ९९ टक्के दाखवतं. एसएसडी लिहून लिहून झिजते; आतापर्यंत लिहून झालंय ४.६ टीबी, वॉरंटी ५ वर्षं किंवा ३०० टीबी लिहून होईपर्यंत, जे आधी होईल ते. त्यामुळे झिजण्याची काळजी मी सोडली.

काळजी वेगळीच आहे. ऑगस्टमध्ये एका अंकाचं फोल्डर माझ्याकडून शिफ्ट-डिलीटने उडालं. जुन्या डिस्कवर असंच झालं होतं तेव्हा रिकव्हरी सॉफ्टवेअरने जवळजवळ सगळं परत दिलं होतं. या वेळी फाइलींची नावं आली, आत काहीच नाही. फाइल पुसली की ट्रिम नावाची आज्ञा एसएसडीला त्या जागा मोकळ्या झाल्याचं कळवते आणि ती त्या साफ करून टाकते. वेगाचं एक कारण हेच आहे, पण पुसलेलं परत मिळण्याची आशा त्यातच संपते. संपादकांना मेलने पाठवलेली प्रुफं होती म्हणून सोळा पानं वाचली; बाकीची चोवीस मी दोन रात्री जागून परत लावली.

ती जुनी १ टीबी डिस्क मी साडेचारशे रुपयांच्या केसमध्ये घातली आहे. रोज रात्री काम आटोपलं की दिवसाचं फोल्डर तिच्यावर उतरवते आणि केबल काढूनच झोपते.