टीपॉयच्या ड्रॉवरमधली बार्शी लाइट: उन्हाळा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

मॉडेल रेल्वे फर्निचरमध्ये बसवायची असेल तर वरनं काचेतून कशी दिसेल हे नंतर बघा, आधी हात कुठनं जाणार ते ठरवा. सांगलीत, विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या टीपॉयच्या आत बार्शी लाइट ह्या जुन्या छोट्या रेल्वेचं माझं लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनची मांडणी आहे, रोज नाही पण आठवड्यातनं दोनतीनदा गाडी फिरतेच. बरेच जण फोटो बघून "काच कुठली, किती एमएमची" एवढंच विचारतात म्हणून हे लिहायला घेतलं.

बहुतेक जण काय करतात, टीपॉयचा खोका, आत ट्रॅक, वर काच टाकून मोकळे. दिसतं झकास. पण हिशोब करा, 4 बाय 2 फुटाची 8 मिमी काच जवळजवळ 15 किलो भरते, आणि गाडी घसरणार ती नेमकी कोपऱ्यातल्या बोगद्यात, म्हणजे दरवेळी चहाचे कप उचला, पेपर उचला, दुसऱ्या माणसाला हाक मारा, मग काच उचला. दोन महिन्यांत गाडी चालवायचा उत्साह संपतो आणि नुसता शोपीस उरतो. म्हणून मी अख्खं लेआउट ड्रॉवरमध्ये घेतलं. काच वर कायमची फिक्स, लांब बाजूनं ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो. मिस्त्री म्हणाले, "सर, ड्रॉवरच करायचाय तर वर काच कशाला, प्लाय टाकू की, स्वस्तात होईल." त्यांना म्हणलं काका, बघायचंय वरनं आणि दुरुस्त करायचंय बाहेरनं. पटलं नाही त्यांना, पण काम एक नंबर केलं. चॅनेल 45 किलोवाले फुल एक्स्टेन्शन घेतले. वजन तेवढं नाहीये, पण हलकं चॅनेल बाहेर आल्यावर पुढे झुकतं आणि ट्रॅकला उतार येतो.

आता गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं. बाहेर जास्त मिळतं ते एचओ हे मॉडेलचं माप, 1:87 म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागाइतकं, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. पण ते तिकडच्या, युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिमीच्या रुळांचं माप. आपला ब्रॉड गेज 1676, त्याला 87 नं भागा, 19.3 येतं, म्हणजे एचओच्या रुळावर आपली ब्रॉड गेजची कुठलीही गाडी ठेवली तरी रूळ अरुंदच दिसणार. नॅरो गेजला मात्र गंमत होते. मिरजेवरनं पंढरपूरकडं पूर्वी जाणारी बार्शी लाइट 762 मिमीची, भागिले 87 म्हणजे 8.76, आणि एन गेज ह्या मॉडेलच्या लहान मापाचा तयार ट्रॅक असतो 9 मिमी! पाव मिमीचा फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही. म्हणजे ट्रॅक आणि खालची मोटरवाली चॅसी एन गेजची घ्यायची, आणि वरची बॉडी, डबे, माणसं, स्टेशन सगळं 1:87 मध्ये. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज होते हे नवीन पोरांना सांगून खरं वाटत नाही. मी त्यातला फक्त नॅरोचा फलाट घेतलाय.

ट्रॅक काटो ह्या जपानी कंपनीचा युनिट्रॅक. खडी प्लास्टिकमध्येच असल्यामुळे सुटं काही पडत नाही, आणि जो ड्रॉवर सारखा आतबाहेर होणार त्याला हे फार गरजेचं. खडी म्हणून रांगोळी टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती बारीक भुकटी गिअरमध्ये जाते आणि मग चॅसी खोलत बसा. स्टार्टर सेटमधल्या ओव्हलची त्रिज्या 315 मिमी असते, म्हणजे ट्रॅकच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंत 655, दोन फुटात बसणारच नाही. 249 ची बसते पण ड्रॉवरच्या भिंतीला डबा घासेल की काय इतकी जवळ, म्हणून 216 घेतली. नॅरोचं इंजिन डबे आखूड, आरामात वळतात. लांब डब्यांची एक्सप्रेस करायची असेल तर हे माप विसरा.

अख्खा ओव्हल ड्रॉवरमध्येच असल्यानं ट्रॅकला कुठं जोड तुटत नाही, उघडा असताना पण गाडी पळते. वायर मात्र मऊ, बऱ्याच तारांची घ्या आणि मागं ढिला लूप ठेवा. करंट दोन ठिकाणांहून दिलाय, जॉइनरच्या (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्टीच्या) भरवशावर अख्खा ओव्हल सोडायचा नाही, विशेषतः पावसाळ्यात. कंट्रोलर इथंच 12 व्होल्टवर बनवून घेतला. जपानी पॉवर पॅक मागवणार असाल तर बघून घ्या, तिकडं 100 व्होल्ट, आपल्याकडं 230.

ड्रॉवर ओढताना गाडी पडते का हा प्रश्न हमखास येतो. लांब सरळ रुळावर उभी असेल तर पडते, कारण धक्का आडवा बसतो. टोकाच्या वळणाच्या मधोमध उभी केली की तिथं रूळ ओढायच्या दिशेलाच असतो, आणि इंजिनात वर्म गिअर असल्यानं ते स्वतःहून घरंगळत नाही, डब्यांना धरून ठेवतं. तेवढी सवय लागली की झालं. शिवाय समोर एक छोटी कडी लावा, भाच्यानं जोरात ओढला तर काय होईल ते सांगायला नको.

पावसाळ्याचा रिपोर्ट असा की 710 मार्कचा मरीन प्लाय घेतला होता म्हणून ड्रॉवर फुगून अडकला नाही. सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यात टाकल्यात. धूळ येतेच. ड्रॉवरच्या चारी कडांना स्लायडिंग खिडकीची ब्रशपट्टी चिकटवली, तरी बारीक थर बसतो, रूळ काळे पडतात, इंजिन अडखळायला लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसायचं, मोबाइल रिपेअरवाल्यांकडं मिळतं. पॉलिश पेपर अजिबात नको, ओरखड्यात घाण आणखी बसते. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन काचेवर आलं की आत भट्टीसारखं तापतं, दुपारी पडदा ओढलेला बरा. थर्माकोलच्या टेकड्या करणार असाल तर फेविकॉल चालतं, सॉल्व्हंटवालं गम थर्माकोल खातं.

उंचीची अडचण राहिलीच. 1:87 मध्ये बारा मीटरचं झाड चौदा सेंटिमीटर होतं, म्हणून माझा वड जरा छाटलेला आहे. माणसं दोन सेंटिमीटरची, टोप्या पांढऱ्या रंगवल्या की वारकरी तयार. आण्णांनी (वडील) बघून पहिली तक्रार केली, "टपावर कोण नाही? आषाढीला आत कमी आणि वर जास्त असायची." मग टपावर पण बसवलीत. भाच्याला जलदूत पाहिजे, 2016 ला मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण ती ब्रॉड गेजवरची, ह्या रुळावर शोभणार नाही, असं सांगून वेळ मारून नेलीय.

खर्चाचं बोलायचं तर सुतारकाम आणि काच ह्यात निम्म्याहून जास्त गेले, हे लक्षात घ्या. बाहेरनं मागवताना ड्युटीचा चटका आहेच, खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 ला 20 वरनं 60 टक्के झाली आणि 2023 ला 70. म्हणून तयार इंजिन न घेता फक्त चॅसी मागवली, बॉडी लग्नपत्रिकांच्या जाड कागदातनं कापून केली. 1897 मधल्या बार्शी लाइटच्या इंजिनांइतकी देखणी नाही झाली, पण काचेखालनं चालून जाते. करायचंच असेल तर ट्रॅक आधी मागवा, जमिनीवर मांडून मापं घ्या, आणि मगच मिस्त्रींना बोलवा. काच सगळ्यात शेवटी.