‘रिबिल्ट’ फ्लॅटहेड घेताय? आधी हेड उतरवून दाखवायला सांगा

1929 ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर. आत 59एबी फ्लॅटहेड व्ही-एट, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच असलेलं फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन, वर दोन स्ट्रॉम्बर्ग 97 कार्बोरेटर, 1939 चा गिअरबॉक्स, हायड्रॉलिक ब्रेक. किंमत 21,500 डॉलर. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘इंजिन पूर्ण रिबिल्ट, 276 क्यूबिक इंच. ब्लॉक प्रेशर टेस्ट केलेला. मूळ फोर्ड स्टील बॉडी. वाळूवर न्या आणि पळवा.’ न्यू जर्सीतल्या एका मराठी खरेदीदारानं 6,500 डॉलर इसार दिला आणि उरलेले पैसे गाडी ट्रेलरवर चढवताना दिले. गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा इंजिन पूर्ण तापलं तेव्हा एका बाजूच्या एक्झॉस्टमधून पांढरी वाफ निघायला लागली आणि रेडिएटरमधलं पाणी उतरू लागलं. पार्कवेनं जेमतेम दोन तासांवर असलेल्या वाइल्डवूडच्या किनाऱ्यावर ती गाडी त्या वर्षी गेलीच नाही.

जाहिरातीतली बहुतेक वाक्यं अर्धी खरी होती, आणि त्यामुळेच ती पचली. म्हणून एकेक वाक्य उलगडून सांगतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: वाइल्डवूडला जुन्या अमेरिकन गाड्यांची वाळूवर शर्यत होते. बॉडी 1934 पर्यंतची आणि इंजिन, गिअरबॉक्स वगैरे 1953 पर्यंतचे, असा तिथला दंडक. म्हणजे आजचं स्वस्त, भरवशाचं व्ही-एट टाकून चालत नाही. 1932 ते 1953 या काळातलं फोर्डचं फ्लॅटहेड किंवा मॉडेल ए चं चार सिलिंडरचं इंजिन बहुतेकांना शोधावं लागतं. नग मोजके, हौशी लोक भरपूर, आणि बजेट घट्ट असलेला माणूस घाईत. फसवणारा नेमकी हीच माणसं हेरतो.

आता ‘रिबिल्ट’. या शब्दाला कसलंच माप नाही. या इंजिनात नव्या रिंगा होत्या, नवी गॅस्केटं होती, बाहेरून हिरवा रंग होता. क्रँक ग्राइंड केलेला नव्हता, बेअरिंग जुन्याच होत्या. विक्रेत्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ‘उघडलं, साफ केलं, बांधलं.’ ते खोटंही नव्हतं. म्हणून ‘रिबिल्ट आहे का’ असं कधीच विचारू नका. बोअर (सिलिंडरचा व्यास) किती, क्रँक किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड केलाय, बेअरिंग कुठल्या मापाच्या, कुठल्या मशिन शॉपचं बिल आहे, असं विचारा. ज्यानं खरंच काम केलंय त्याच्याकडे बिलं असतात, कारण या इंजिनाचं मशिनिंग फुकट कुणी करत नाही.

‘276 क्यूबिक इंच’ हा आकडा तर गणितानंच पकडता येतो. 59एबी चा मूळ बोअर 3 3/16 इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 3 3/4 इंच, त्यातून 239 क्यूबिक इंच मिळतात. आपल्याकडच्या लेथवाल्यांच्या भाषेत तीन इंच दीड सूत बोअर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तो वाढवून 3 5/16, म्हणजे तीन इंच अडीच सूत केला, तरी मूळ क्रँकवर साधारण 258 च होतात. 276 व्हायला 1949 ते 1953 च्या मर्क्युरीचा 4 इंच स्ट्रोकचा क्रँक लागतो. या इंजिनात बोअर तीन इंच अडीच सूत होता, क्रँक मात्र मूळचाच. स्ट्रोकमधला फरक फक्त दोन सुतांचा, पण मर्क्युरीचा क्रँक वेगळा विकत घ्यायला गेलात तर किंमत कळते. बाहेरून हे दिसत नाही. हेड उतरवायचं, पिस्टन पूर्ण वर आणून डेप्थ गेज टेकवायचा, मग पूर्ण खाली नेऊन पुन्हा मोजायचं. दहा मिनिटांचं काम आहे. विक्रेता ‘नवं गॅस्केट वाया जाईल’ म्हणाला तर गॅस्केटचे पैसे तुम्ही द्या.

त्या मोठ्या बोअरमध्येच दुसरा धोकाही दडला होता. फ्लॅटहेडचा ब्लॉक ओतताना आतला वाळूचा गाभा सरकलेला असू शकतो, त्यामुळे एका सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहते. तीन इंच अडीच सुतांपर्यंत बोअर करण्याआधी प्रत्येक सिलिंडरची जाडी अल्ट्रासोनिक गेजनं मोजायची असते. आठही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. ते नसतील तर तो ब्लॉक तपासलेला नाही असंच धरा. हेड उतरवलेलंच असतं, तर सिलिंडरच्या कडेभोवती बारीक वर्तुळाकार रेघ दिसते का तेही बघा. ती स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये ठोकून बसवलेली नळी असते. स्लीव्ह टाकणं हा चांगला उपाय आहे, पण ती का टाकावी लागली हे विक्रेत्यानं सांगायला हवं.

सगळ्यात वाईट फसवणूक ‘प्रेशर टेस्ट’ (पाण्याच्या मार्गात दाब देऊन गळती शोधणं) या शब्दात होती. या इंजिनात एक्झॉस्टचा मार्ग ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या जॅकेटला खेटून बाहेर जातो, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच पोर्ट आहे. त्यामुळे फ्लॅटहेड तापतं आणि ब्लॉकला तडे जातात. हेडच्या बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला केसासारखा तडा बऱ्याच जुन्या ब्लॉकमध्ये असतो आणि तो पिन मारून निभावतो. व्हॉल्व्हच्या सीटमधून निघून सिलिंडरच्या भिंतीत किंवा खाली पोर्टमध्ये उतरणारा तडा मात्र ब्लॉक भंगारात घालू शकतो. तिसरी जागा म्हणजे तळाची, जिथे ऑइल चेंबर बसतो ती कड. पाणी भरलेलं इंजिन थंडीत गोठलं की तिथेही फुटतं.

या ब्लॉकमधला तडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ होता. विक्रेत्यानं पाण्यात सोडियम सिलिकेट टाकून तो आतून बुजवला, मग थंड इंजिनाची प्रेशर टेस्ट घेतली आणि तिचा फोटो दाखवला. टेस्ट खरीच झाली होती. पण इंजिन तापून थंड होण्याची दोन-तीन आवर्तनं झाली की तो काचेसारखा थर तडकतो. हे ओळखायचं असेल तर रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघा. अगदी ताजं, नुकतं भरलेलं असेल तर ‘कधी बदललं, का बदललं’ असं विचारा. फिलर नेकवर आणि होज काढल्यावर आतल्या तोंडाशी पांढरे खवले दिसले तर पुढे जाऊ नका. आणि खात्री हवी असेल तर उघड्या ब्लॉकची मॅग्नेटिक क्रॅक तपासणी करायला लावा, रंग देण्याआधी. ताजा रंग दिलेला ब्लॉक विकायला आला तर त्या रंगाचेच पैसे आपण देतोय असं समजून भाव करा.

इंजिन चालवून दाखवलं होतं की, असं कुणी म्हणेल. दाखवलं होतं. खरेदीदार पोचला तेव्हा ते आधीच गरम होतं आणि मिनिट-दोन मिनिटंच चाललं. पोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या हेडवर ठेवा. कोमट लागलं तर चहा प्या, तासभर थांबा, थंड होऊ द्या. मग सुरू करून 180 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 82 सेल्सियसपर्यंत तापू द्या आणि अर्धा तास चालू ठेवा. दोन पाण्याचे पंप आणि दोन बाजूंचे दोन होज असतात, दोन्ही बाजू सारख्याच तापतात का ते हातानं बघा. ऑइलचं प्रेशर गरम झाल्यावरच मोजायचं, इंजिन थंड असताना बघण्यात अर्थ नाही. इथे 50 ग्रेडचं दाट ऑइल आणि वर घट्ट करणारं केमिकल ओतलं होतं, म्हणून काटा झकास उभा होता. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळला की दाटपणा कळतो. शेवटी आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, किंवा शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी असतील, तर हेड न उतरवता पैसे देऊ नयेत.

कार्बोरेटरवर ‘97’ हा उठावदार आकडा होता, म्हणजे ते खरेच स्ट्रॉम्बर्ग होते. काही जण फोर्ड-होली 94 ला 97 म्हणून खपवतात, कारण दोघांचा तळ तीन बोल्टचा असतो आणि नवख्याला ते सारखेच दिसतात. इथली लबाडी वेगळी होती. कार्बोरेटरची बॉडी काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून चकाचक केलेली, आत थ्रॉटलचा शाफ्ट खिळखिळा. शाफ्टचं टोक बोटानं वर-खाली हलवून बघा. ढिला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडल कधीच जमत नाही. ब्लास्टचे मणी बारीक मार्गांत अडकून राहतात, ते वेगळंच. ‘1939 चा गिअरबॉक्स’ही असाच. त्या काळातले फोर्डचे बॉक्स बाहेरून जवळजवळ एकसारखे दिसतात. वरचं झाकण उघडून दात आणि सिंक्रोच्या रिंगा बघितल्याशिवाय वर्षाचे जादा पैसे देऊ नका.

बॉडीच्या बाबतीत ‘मूळ फोर्ड स्टील’ हे अर्धसत्य. पत्रा फोर्डचाच होता, पण रोडस्टरचा नव्हे, छत कापलेल्या कूपेचा. उघडी रोडस्टर महाग, पक्क्या छताची कूपे स्वस्त. रोडस्टरच्या दारात वरखाली होणारी काच नसते. दाराच्या आत काचेचा चॅनेल आणि हँडलचं भोक बुजवलेलं सापडलं की समजायचं. पुढच्या काचेचे खांबही रोडस्टरचे वेगळे, बोल्टनं लावलेले असतात. चुंबक फडक्यात गुंडाळून दारांचा खालचा भाग, मागचं पॅनेल आणि फरशीखालच्या सबरेल फिरवून बघा. चुंबक जिथे सुटतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ब्रुकव्हिलसारख्या कंपन्या नव्या पत्र्याच्या बॉडी उघडपणे नव्या म्हणून विकतात, आणि त्या चांगल्या असतात. नवी बॉडी 1929 ची म्हणून कुणी विकली, तर ती त्या विकणाऱ्याची फसवणूक, बनवणाऱ्याची नाही.

चेसिस आणि स्टिअरिंगवर मात्र मी जास्त कडक होईन, कारण तिथे पैसे नाही, जीव जातो. मॉडेल ए चं व्हीलबेस 103 1/2 इंच. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, मग चेसिसचे कर्ण मोजा. कर्णांत पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चेसिस वाकलेली आहे. रेल (चेसिसची लांब बाजू) ‘बॉक्स’ केली आहे म्हणतात, म्हणजे आतून पट्टी वेल्ड केली आहे. ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केलेलं वेल्ड बाहेरून देखणं दिसतं आणि आत जेमतेम टाचलेलं असू शकतं. बोअरस्कोप आत घालून बघा. क्रोम केलेला टाय रॉड, ड्रॅग लिंक, विशबोन अशा स्टिअरिंगच्या आणि पुढच्या आसाच्या भागांकडे आकर्षित होऊ नका. क्रोमखाली जोड लपतो, आणि नीट बेक न करता क्रोम केलेलं पोलाद ठिसूळ होतं. ओल्या वाळूत आधीच्या गाड्यांनी पाडलेले चर असतात, पुढचं चाक त्यात घुसलं की स्टिअरिंगला झटका बसतो, आणि ठिसूळ जोड त्या क्षणी तुटतो. ब्रेकला पाय लावून एक मिनिट दाबून धरा. पेडल हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा चाकातला सिलिंडर गळतोय. तांब्याच्या नळीची ब्रेक लाइन दिसली तर ती बदलल्याशिवाय गाडी हलवू नका. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबराच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. ‘नवे टायर’ म्हणजे गोदामात पडून म्हातारे झालेले टायर असू शकतात.

कागद. विक्रेता म्हणाला, ‘ट्रेलरवर नेणार, शर्यतीला टायटल लागत नाही.’ हेही खरंच. पण टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, नसलेली गाडी पुन्हा सहजी विकता येत नाही, विमा नीट मिळत नाही, आणि चोरीची निघाली तर पोलीस उचलून नेतात. त्या काळच्या फोर्डला इंजिनाचा नंबरच गाडीचा नंबर होता आणि तोच डाव्या रेलच्या वर, काउलजवळ (डॅशबोर्डपुढच्या पत्र्याजवळ) ठोकलेला असतो. व्ही-एट बसवलं की इंजिनाचा नंबर जातो, रेलवरचाच पुरावा उरतो. बॉडीचे बोल्ट सैल करून पुढचा भाग थोडा उचला आणि तो नंबर टायटलशी ताडून बघा. तिथे घासल्याच्या खुणा किंवा सरळ रेषेत न बसणारे आकडे असतील तर परत फिरा. नंबर बदलणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, आणि तशी गाडी तुमच्या हातात सापडली तर निस्तरायचं तुम्हालाच. इथे टायटल होतं, पण त्यावरचा नंबर होता एका इंजिनाचा, जे गाडीत नव्हतं, म्हणजे नुसत्या त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

पैसे देण्याची पद्धतही विक्रेत्यानं ठरवली होती. इसार मित्रांना पाठवतात त्या प्रकारानं अ‍ॅपवर, उरलेले वायरनं. दोन्हींत खरेदीदाराला कसलंही संरक्षण नाही. एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणारी त्रयस्थ सेवा) वापरायचा तर साइट तुम्ही निवडा, विक्रेत्यानं पाठवलेली लिंक उघडू नका. इसार पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि तोही ‘हेड उतरवून तपासणी समाधानकारक झाली तरच सौदा, नाहीतर इसार परत’ अशी लेखी अट घालून. या व्यवहाराच्या बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) फक्त एक ओळ होती, ‘आहे तशी विकली’. वकिलानं कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला की जाहिरात जपून ठेवली आहे का. ती काढून टाकली गेली होती, स्क्रीनशॉट कुणी घेतला नव्हता.

म्हणून बिल ऑफ सेलवर विक्रेत्याच्या हातानं हे लिहून घ्या: इंजिनाचा कास्टिंग नंबर, बोअर आणि स्ट्रोक इंचात, क्रॅक तपासणीची तारीख आणि दुकानाचं नाव, रेलवर वाचलेला नंबर, आणि ‘वरील माहिती मी खरी म्हणून सांगितली आहे’. खाली सही. जाहिरातीची आणि संपूर्ण संभाषणाची प्रत तारखेसह त्याच दिवशी छापून या कागदाला जोडा.

त्या गाडीचा ब्लॉक शेवटी बदलावा लागला. जुना ब्लॉक कापून त्याची सीट तडकलेली बाजू गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवली आहे. फ्लॅटहेड घ्यायला निघालेल्या माणसाला तो खरेदीदार आधी तो तडा कुठून कुठे जातो ते बोटानं दाखवतो.