मोफत व्हीलचेअर घेताना पोचपावतीवर आधी सही करू नका

अपंग मुलांच्या आईवडिलांना ‘मोफत व्हीलचेअरसाठी तुमच्या मुलाची निवड झाली’ असा फोन येतो. मग फाइलचा खर्च, वाहतुकीचा खर्च म्हणून आगाऊ पैसे मागतात आणि पैसे मिळाले की फोन बंद होतो. ही फसवणूक निदान लगेच कळते. दुसरी कळेपर्यंत मुलाची पाठ वाकलेली असते.

तिच्यात खुर्ची खरंच मिळते. फोटो निघतो, कोऱ्या पोचपावतीवर सही घेतली जाते. पण खुर्ची असते मोठ्या माणसाची, 18 इंची सीटची. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचाली आणि शरीराचा तोल यांवर ताबा कमी असणं) असलेलं लहान मूल त्यात एका बाजूला कलंडतं, पाय लोंबकळतात, कंबर पुढे घसरते. उशा कोंबून भागत नाही, त्या सरकतात. ‘वाढतं मूल आहे, मोठीच घ्या’ हे सांगणाऱ्यावर मुळीच विश्वास ठेवू नका. वाढीसाठी सीटची खोली (पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं अंतर) आणि फूटरेस्ट कमीजास्त करता येणारी खुर्ची मागा.

माप घरी घेता येतं. मुलाला कडक बाकावर बसवा, गुडघे काटकोनात. नितंबांच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं उभी टेकवून मधलं अंतर मोजा. सीट तेवढीच किंवा फार तर इंचभर जास्त हवी. नितंबांच्या मागून गुडघ्याच्या खाचेपर्यंतच्या लांबीतून 3 ते 5 सेंटीमीटर वजा करा, ती सीटची खोली. खाचेपासून टाचेपर्यंतचं माप बूट घालून घ्या आणि खुर्चीवर ते गादीच्या वरून फूटरेस्टपर्यंत ताडून पाहा. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण देणारे गादी काढून मोजतात.

जुनी खुर्ची रंगवून नवी म्हणून देतात. वेल्डिंगच्या सांध्यांवर गंज दडपलेला दिसतो का बघा, पुढची छोटी चाकं फिरवा, डगमगतात का पाहा. हवेचे टायर असतील तर हवा भरून, मूल बसवून ब्रेक लावा आणि ढकला. हवा कमी असली की ब्रेक टायरला धरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली व्हीलचेअर सेवेच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत तपासणी, बसवून जुळवणं, वापराचं शिक्षण आणि नंतरची दुरुस्तीही आहे. नुसती खुर्ची हातात ठेवणं म्हणजे सेवा नव्हे.

सहीचा प्रश्न सर्वात गंभीर. अनेक योजनांत ‘साधन दिलं’ अशी नोंद झाली की ठरावीक मुदतीपर्यंत दुसरं मिळत नाही. म्हणून पावतीवर सीटची रुंदी, अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या, तिचा फोटो काढा, मगच सही करा. सही आधीच झाली असेल, तर थेरपिस्टकडून मुलाची मापं लेखी घ्या, खुर्चीची मापं शेजारी मांडा आणि तोच कागद जोडून योजनेच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.