रस्त्यावरची धूळ मोजायची, पण कशाने?

रहदारीच्या रस्त्यालगतची धूळ मोजायची ठरली की बहुतेकांचा हात आधी छोट्या लेझर सेन्सरकडे जातो. तो स्वस्त असतो, खांबावर सहज बसतो आणि मिनिटामिनिटाला आकडा देतो. पण रस्त्याच्या धुळीसाठी सगळ्यात कच्चा तोच आहे, हे खरेदीआधी समजून घ्या.

टायरखाली भरडली गेलेली माती, झिजलेलं डांबर, ब्रेकचा भुगा यांतले बरेचसे कण २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतात. सेन्सरातल्या इवल्याशा पंख्याने ते नीट आत ओढले जात नाहीत, आणि आत आलेच तरी लेझरला त्यांची पुरती मोजदाद जमत नाही. त्यामुळे अशा अनेक सेन्सरांवर दिसणारा ‘पीएम १०’चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा बऱ्याच अंशी बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. रस्त्यावरून धुळीचा लोट उठला तरी आकडा जेमतेम हलतो. उलट दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि धूळ नसतानाही आकडा चढतो. धूर किती आणि कोणत्या वेळी वाढतो हे पाहायला सेन्सर उपयोगी आहे. धुळीचा दावा मात्र केवळ त्याच्या जोरावर करू नये.

दावा करायचा तर फिल्टर वजन करण्याला तोड नाही. सॅम्पलर २४ तास हवा ओढतो. ठरावीक तापमानात व आर्द्रतेत ठेवलेला फिल्टर आधी आणि नंतर तोलला जातो, आणि वजनातल्या फरकाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागलं की आकडा हाती येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पातळ्यांशी (२४ तासांसाठी पीएम १० ला घनमीटरमागे ४५ मायक्रोग्रॅम, पीएम २.५ ला १५) तो थेट ताडून पाहता येतो. शिवाय योग्य फिल्टर वापरला तर त्यावरची धूळ तपासून ती आली कुठून याचा माग लागतो: सिलिकॉन, ॲल्युमिनियम मातीकडे बोट दाखवतात, तांबं, बेरियम, अँटिमनी ब्रेककडे, जस्त बहुधा टायरकडे. अडचण एवढीच की दिवसाला एकच आकडा मिळतो आणि चांगली प्रयोगशाळा लागते. तासातासाचा भरवशाचा आकडा हवा असेल तर बीटा किरणांवर चालणारं यंत्र घ्यावं लागतं, पण ते बरंच महाग असतं.

खिडक्या-पानांवर बसणाऱ्या थराची तक्रार असेल तर धूळपाताचं भांडं पुरतं. उघडं भांडं साधारण ३० दिवस ठेवायचं आणि साचलेली धूळ चौरस मीटरमागे दररोज किती मिलिग्रॅम हे काढायचं. खर्च जवळपास नाहीच. फुफ्फुसात काय जातं हे मात्र त्यातून कळत नाही.

रस्ता झाडण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी माझ्या मते वेगळीच पद्धत धरावी. रहदारी थांबवून रस्त्याचा मोजलेला तुकडा व्हॅक्यूमने साफ करायचा, धूळ चाळायची आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडलेला भाग तोलायचा. चौरस मीटरमागे निघालेले ग्रॅम म्हणजे रस्त्यावरचा ‘सिल्ट’ भार. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या एपी-४२ या संदर्भ-संग्रहातल्या सूत्रात पक्क्या रस्त्यावर वाहनामागे उडणारी धूळ या भाराच्या ०.९१ घाताच्या प्रमाणात धरली आहे. म्हणजे भार दुप्पट झाला तर उडणारी धूळ जवळजवळ १.९ पट होते. वाहनांचं सरासरी वजनही सूत्रात येतं, म्हणून अवजड वाहनांचा रस्ता जास्त धूळ उडवतो. झाडण्याआधी आणि नंतर हीच मोजणी केली की झाडल्याचा उपयोग झाला की नाही ते आकड्यात दिसतं. पण हा आकडा धूळ किती उडेल याचा अंदाज आहे. कडेला उभ्या माणसाच्या नाकापर्यंत किती पोचते ते हवा मोजूनच कळेल.

हवेतली धूळ मोजणारं कोणतंही साधन घेतलंत तरी ते एक न घेता दोन घ्या: एक रस्त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, दुसरं पलीकडे. दोन्हींतला फरक हा रस्त्याचा वाटा. एकाच ठिकाणच्या आकड्यात दूरवरून आलेली धूळही मिसळलेली असते. वाऱ्याची दिशा आणि वेग सोबतच नोंदवा आणि वारा रस्त्याला समांतर वाहत होता ते तास या हिशेबातून वगळा.