मातीच्या भिंती पाहायला चीन की जपान?

मातीचं बांधकाम पाहण्यासाठी एकच सहल परवडणार असेल, तर आधी एक ठरवा. मातीने पेललेलं वजन पाहायचंय, की मातीवर फिरलेला कारागिराचा हात?

वजन पाहायचं तर चीन. लाकडी साच्यात ओलसर माती थराथराने टाकायची आणि धुमसाने ठोकत न्यायची, याला तिथे हांगतू म्हणतात. शांग राजवटीतली चंगचौची तटबंदी याच रीतीने उभी राहिली, साडेतीन हजार वर्षांपूर्वी. पण राहती माती पाहायची तर फुजियान प्रांतातले तुलोउ, म्हणजे मातीचे प्रचंड सामूहिक वाडे, गाठा. यातले 46 वाडे 2008पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. योंगतिंगजवळचा 1709 साली पूर्ण झालेला चेंगछीलोउ म्हणजे एकात एक चार वर्तुळं. बाहेरचं कडं चार मजली, आणि तिथल्या हक्का समाजाच्या सगळ्या कुटुंबांची वस्ती या एकाच भिंतीच्या पोटात. ठोकलेल्या मातीत बांबूच्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्याने भिंतीला ताण सोसता येतो. खालच्या मजल्यांना बाहेरून खिडकी नाही. दरोडेखोरांची भीती खरीच होती. भिंतीची जाडी फोटोत कळत नाही, दारातून आत जाताना कळते.

मातीला तिथे राजकीय वजनही आहे. पंचतत्त्वांत तिची जागा मध्यभागी, रंग पिवळा. बीजिंगला तिआनमेनच्या शेजारच्या उद्यानात 1421ची शेजीथान वेदी आहे. मध्ये पिवळी, पूर्वेला निळसर हिरवी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी अशी माती अंथरलेली. सम्राट इथे भूमी आणि धान्याच्या देवतांची पूजा करायचा. पाहायला अर्धा तास पुरे.

जपानमध्ये भार लाकडी सांगाडा घेतो. माती बांबूच्या जाळीवर, म्हणजे कोमाईवर, लिंपतात. कोकणातला कूड पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. फरक आहे तो चिकाटीत. मातीत भाताचा पेंढा कापून घालतात आणि ती महिनोन्‌महिने कुजू देतात. वास सुटतो, पण चिकटपणा त्यातूनच येतो. मग आधी जाडाभरडा थर, तो पुरता वाळला की मधला, शेवटी बारीक हात. हे काम करणाऱ्या गवंड्याला साकान म्हणतात. जपानी लाकडी वास्तूंची जी कौशल्यं युनेस्कोने 2020 साली अमूर्त वारशात घेतली, त्यांत साकानचं कामही आहे.

क्योटोजवळ यामाझाकीला म्योकिआन मंदिरात ताइआन ही चहाची खोली आहे. ती सोळाव्या शतकातला चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू याची मानली जाते. दोन तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम 35 चौरस फुटांची. भिंतीत पेंढ्याच्या काड्या उघड्या दिसतात, आणि त्या मुद्दामच तशा ठेवल्या आहेत. आगाऊ परवानगी लागते, खोलीत पाऊल टाकता येत नाही. गावच्या इतिहास संग्रहालयात हुबेहूब प्रतिकृती आहे, ती आधी पाहावी. र्‍योआन-जी या क्योटोतल्या मंदिराच्या बागेत सगळे 15 दगड मोजत बसतात. तुम्ही मागची तेल घातलेल्या मातीची भिंत पाहा.

ही विभागणी अर्थात काटेकोर नाही. होर्‍यू-जी या नाराजवळच्या प्राचीन मंदिराच्या आवारभिंती ठोकलेल्या मातीच्याच आहेत, ती विद्या चीनच्या बाजूनेच आली. आणि भूमीचा मान जपानमध्येही आहेच. काँक्रीटच्या इमारतीआधीसुद्धा शिंतो पुरोहित बोलावून भूमिपूजन होतं.

माझा कौल? हाताने लिंपण केलंय किंवा करायचंय, त्यांनी जपान. बाकीच्यांनी बेलाशक फुजियान. नजर तयार नसेल तर क्योटोची भिंत नुसती तपकिरी दिसते, तुलोउला ती अडचण नाही. शियामेनहून वेगवान रेल्वेने नानजिंगला उतरता येतं, पुढे बस. मात्र तिकीट काढताना चिनी अक्षरं तपासा. हे फुजियानमधलं छोटं नानजिंग. रोमन लिपीत त्याच स्पेलिंगचं प्रसिद्ध महानगर कैक तास उत्तरेला आहे.