बेस्ट कोस्ट की द ड्रम्स: आधी कुठला ऐकायचा?

2010च्या उन्हाळ्यात अमेरिकन बँडचे हे दोन अल्बम थोड्याच दिवसांच्या अंतराने आले. जूनमध्ये ब्रुकलिनच्या 'द ड्रम्स'चा त्याच नावाचा पहिला अल्बम, तर जुलैत लॉस एंजेलिसच्या 'बेस्ट कोस्ट'चा 'क्रेझी फॉर यू'. दोघांनाही 60च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या सर्फ संगीताची, म्हणजे समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्यांच्या गिटार-संगीताची, ओढ. म्हणून एक आवडला की दुसरा आवडणारच, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही.

सर्फ गिटारचा तो ओला, पाण्यातून आल्यासारखा आवाज येतो स्प्रिंग रीव्हर्बमधून, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या पेटीतून. त्या पेटीत खरोखरच्या धातूच्या स्प्रिंगा असतात, सूर त्यांच्यातून थरथरत बाहेर पडतो. 'क्रेझी फॉर यू'मध्ये गिटार तर त्या ओलीत भिजलेली आहेच, गायिका बेथनी कोसेंटिनोचा आवाजही तसाच घुमतो. ती न्यूयॉर्कला राहायला गेली होती, तिथे करमेना म्हणून कॅलिफोर्नियाला परतली आणि बॉब ब्रुनोबरोबर हा बँड सुरू केला. त्यामुळे यातलं ऊन मला घरी परतलेल्या माणसाचं वाटतं. शब्द अगदी साधे: तुझी आठवण येते, तू माझा असतास तर. तेच तेच येतं अशी तक्रार होते, आणि ती खरीही आहे. पण 'आय वाँट टू' ऐका. सुरुवातीला गाणं संथ, जड पावलांनी चालतं, एकच आर्जव घोळवत राहतं आणि मग अचानक धावत सुटतं. तिथे मला दर वेळी भरून येतं. जास्त शब्द असते तर हे साधलं नसतं.

द ड्रम्सचं ऊन थंड आहे. सर्फच्या जोडीला 80च्या दशकातल्या मँचेस्टरचा, म्हणजे 'द स्मिथ्स' या बँडच्या घराण्याचा, उदास सूर आहे. पहिलंच गाणं 'बेस्ट फ्रेंड' मित्राच्या मृत्यूबद्दल आहे, आणि ताल मात्र पाय थिरकायला लावणारा. 'लेट्स गो सर्फिंग'मधली शीळ एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नाही. 'डाउन बाय द वॉटर' संथ आहे, 50च्या दशकातल्या नाचाच्या शेवटच्या गाण्यासारखं. जॉनी पियर्स गातो तो मात्र गळा काढून. कुणाला ते फार नाटकी वाटेल.

प्रवासात, चार जण गाडीत असताना लावायचा असेल तर बेस्ट कोस्ट. जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम, कुणी कंटाळत नाही. रात्री एकट्याने हेडफोनवर ऐकणार असाल, किंवा शब्दांकडे कान देण्याची सवय असेल, तर द ड्रम्स. पण त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका पकड घेत नाही.

माझ्याकडे दोन्ही आहेत. पुन्हा पुन्हा लागतो तो 'क्रेझी फॉर यू'. पैसे एकाच रेकॉर्डपुरते असतील तर तोच घ्या. त्याच्या मुखपृष्ठावर मांजर आहे.