घोडा किंचित लंगडतोय: चिमटा, ब्लॉक, एक्स-रे की नुसती विश्रांती?

घोडा तीन पायांवर उभा राहिला तर विचार करत बसायचं नसतं, डॉक्टरांना फोन करायचा. कोडं पडतं ते किंचित लंगडण्याचं. कदम चालीत काही दिसत नाही, दुडकीत मात्र ताल चुकतो. अशा वेळी बरेच मालक आधी एक्स-रे काढतात आणि नालबंदाला शेवटी बोलावतात. आमच्या मते हा क्रम उलटा हवा: आधी दुखरी जागा ठरवायची, मग तिचा फोटो काढायचा.

त्याआधी पाय कोणता ते नक्की करा. कडक, सपाट जमिनीवर घोड्याला सरळ वीस-पंचवीस मीटर दुडकी पळवा, दोर सैल ठेवून. दोर आखडून धरला की डोकं हलत नाही आणि खूणच हरवते. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर उचललं जातं, चांगला टेकताना खाली जातं. मागच्या पायांसाठी पाठीमागे उभं राहून पुठ्ठे बघा. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. इथे एक फसगत ठरलेली आहे: मागचा डावा पाय दुखत असेल तर डोकंही हलतं, आणि पुढचाच डावा दुखतोय असं वाटतं. दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही, नुसतं पाऊल आखूड पडतं. मग घोडा गोल फिरवून पाहावा लागतो.

हात आणि चिमटा

पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेकदा खुरातूनच येतं, त्यामुळे सगळ्यात स्वस्त तपासणीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवा. निरोगी पायात नाडी जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल आणि दुसऱ्या बाजूच्या पायात तशी नसेल तर दुखणं खुरात आहे असं समजून चाला. मग खूर दाबायचा चिमटा घ्या. टाचेपासून सुरुवात करून प्रत्येक खिळ्यावरून पुढे जा, दाब सगळीकडे सारखा ठेवा. एकदा पाय ओढला तर ते मोजू नका. त्याच जागी तीनदा ओढला आणि दुसऱ्या खुरात तसं झालं नाही, तरच ती जागा खरी.

चिमटा चुकतो तो दोन प्रकारे. उन्हाळ्यात तळवा दगडासारखा कडक होतो आणि आतला पू दाबाखाली येत नाही. पावसाळ्यात किंवा तळवा जास्त तासला गेला असेल तर घोडा सगळीकडेच पाय ओढतो.

नाल आठवडाभरातच ठोकली असेल तर पहिला संशय खिळ्यावर. नालबंदाला एकेक खिळा सुटा काढायला सांगा आणि प्रत्येक खिळा निरखून पाहा. एखादा ओला, काळपट, कुबट वासाचा निघाला तर कारण हातात आलं. धनुर्वाताची लस कधी दिली तेही लगेच तपासा. घोड्याला हा रोग फार चटकन होतो.

ब्लॉक

चिमट्याने काही सांगितलं नाही, तरच खरा प्रश्न उभा राहतो: ब्लॉक की एक्स-रे? ब्लॉक म्हणजे मज्जातंतू तात्पुरता बधिर करणं, आणि ते पशुवैद्यानेच करायचं. टाचेच्या वर दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिलिटर औषध देतात, पाच-दहा मिनिटं थांबतात, पेनाच्या टोकाने टाच दाबून बधिर झाली का पाहतात आणि पुन्हा दुडकी पळवतात. लंगडणं गेलं तर दुखणं खुरात. नाही गेलं तर एक सांधा वर पुन्हा ब्लॉक देऊन पाहतात. कधी लंगडणं दुसऱ्या बाजूच्या पायावर जातं. म्हणजे दोन्ही खूर दुखत होते. फार वेळ थांबलं तर औषध वर पसरतं आणि निकाल फसवा होतो.

ब्लॉकची अडचण एवढीच की लंगडणं डोळ्यांना दिसायला हवं. फारच सौम्य असेल तर कडक जमिनीवर गोल फिरवून ते आधी उघड करावं लागतं. हाडाला तडा गेल्याचा संशय असेल तर ब्लॉक नकोच, कारण दुखणं जाताच घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो.

एक्स-रे आणि सोनोग्राफी

एक्स-रे हाड दाखवतो, दुखणं दाखवत नाही. वय झालेल्या, नीट चालणाऱ्या घोड्याच्या हाडांतही झीज दिसते. जागा ठाऊक नसेल तर मग त्या झिजेवरच वर्षभर उपचार होत राहतात. बारीक तडा पहिले दहा-चौदा दिवस दिसतच नाही. खुराचा फोटो काढताना नाल उतरवा, तळव्यातल्या खाचा घासून साफ करा आणि मऊ पुट्टीने भरा. नाहीतर खाचेतल्या हवेची काळी रेघ हुबेहूब तड्यासारखी उमटते.

गुडघ्याखाली मागच्या बाजूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गरम किंवा जाड लागत असेल तर एक्स-रे सोडा, सोनोग्राफी करा. इजेनंतर आठवडाभराने केली तर ती जास्त खरं सांगते, कारण पहिल्या दिवसांत जखम वाढतच असते. खुराच्या आतलं मात्र तिला फारसं दिसत नाही. मऊ वाळूत लंगडणं वाढत असेल तर कल कंडरेकडे, कडक जमिनीवर वाढत असेल तर खूर किंवा सांध्याकडे.

विश्रांती

सूज नाही, पाय गरम नाही, तर दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही. तीन आठवडे थांबणं वेगळं. फाटलेली कंडरा दहाएक दिवसांत ठणठणीत वाटते आणि पहिल्याच चढावर पुन्हा फाटते. फिनाइलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिनसारखं दुखणं दाबणारं औषध देऊन पाहणं तर सगळ्यात वाईट. दिलंच असेल तर कोणत्या दिवशी, किती दिलं ते डॉक्टरांना सांगा.

माथेरानसारख्या ठिकाणी हा क्रम आणखी महत्त्वाचा. गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोटोसाठी न्यायचं तर लंगड्या घोड्याला आधी दस्तुरीपर्यंत उतारावरून चालवावं लागतं. चिमटा आणि ब्लॉक तबेल्याच्या दारातच होतात. फक्त ब्लॉकनंतर दोन-तीन तास त्याला जागीच बांधून ठेवा. बधिर पायाने उतार उतरला तर ठेच कुठे लागली हे त्याला कळणार नाही.